हिपॅटायटिसचा उपचार आणि रुग्णाचे मन

जुनाट हिपॅटायटिस ‘सी’वर अनेक वर्षे इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाव्हिरिन हाच मुख्य उपचार होता. 24 ते 48 आठवड्यांच्या या उपचारात सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना नैराश्य येई. निद्रानाश, चिडचिड, क्वचित आत्महत्येचे विचारही उद्भवत. इंटरफेरॉनमुळे ट्रिप्टोफॅनचे विघटन वाढून सिरोटोनिन घटते, हे त्याचे एक कारण मानले जाते. दोष रुग्णाच्या मनोबलाचा नसून औषधाचा असतो.

2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस ‘सी’ची तोंडावाटे घ्यावयाची औषधे मोफत मिळतात, त्यांत हा धोका फार कमी आहे. तथापि ‘बी’ व ‘डी’च्या निवडक रुग्णांत पेगिलेटेड इंटरफेरॉन आजही वापरतात.

असा रुग्ण नागपूरला उपचार सुरू करून पांढुर्णा-सौंसरला परतला, तर आपण यकृताच्या तपासण्यांबरोबर त्याची झोप, भूक व मनःस्थितीही विचारावी. बालरुग्ण ‘उदास वाटते’ असे सहसा सांगत नाही. तो चिडतो, खेळ सोडतो, अभ्यासात मागे पडतो. हे बहुधा आईच प्रथम ओळखते. तिचे म्हणणे ऐकावे. नातेवाइकांनी औषध परस्पर बंद करू नये. मात्र मरणाची भाषा कानी येताच त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे.