आजीचे पाय का सुजले?

मुंबईहून अमेरिकेला येणारं थेट विमान पंधरा तासांच्या आसपास उडतं. समजा, त्या विमानाने तुमची आजी आली. घरी आल्यावर ती म्हणते, "अगं बाई, चपला पायात जाईनात!" तिच्या घोट्याजवळ बोटाने हळूच दाबून बघा. बोट काढलं तरी थोडा वेळ खळगा राहतो. कातडीखाली पाणी साचलं आहे. हे पाणी आलं कुठून?

ते रक्तातूनच आलं. केशवाहिन्या म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंतींमधून रोजच थोडं पाणी बाहेर झिरपतं. त्यातून पेशींना अन्न मिळतं. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो, तर रक्तातली प्रथिनं त्याला आत ओढून धरतात. ही रस्सीखेच इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये समजावून सांगितली. बाहेर उरलेलं पाणी लसीकावाहिन्या गोळा करतात आणि मानेखालच्या मोठ्या शिरांमध्ये परत सोडतात.

मग विमानात काय बिघडलं? आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरांना दाबतात आणि रक्त वर चढतं. शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. आजी तासन्‌तास बसून राहिली, त्यामुळे पोटरीचं काम थांबलं. रक्त पायांत साचलं, दाब वाढला आणि जास्त पाणी बाहेर झिरपलं.

आता आजीला सांगा, "चल आजी, एक चक्कर मारून येऊ." बसताना तिचे पाय उशीवर ठेवा. दोन्ही पायांची अशी सूज बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरते.

पण एकाच पायाला सूज असेल, तो दुखत असेल, गरम लागत असेल, तर पाय चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

डॉक्टरांकडे आजीचं बोलणं कदाचित तुम्हालाच इंग्रजीत सांगावं लागेल. म्हणून हे शब्द नीट शिका.

शब्दांची ओळख
सूज उतरणे – सूज कमी होणे
पोटरी – गुडघ्याखालचा, पायाचा मागचा भाग
पायात गोळे येणे – स्नायू एकदम आखडून दुखणे (इथे 'गोळे' म्हणजे गाठी नव्हेत!)
ठणका लागणे – थांबून थांबून जोरात दुखणे
दम लागणे – श्वास घ्यायला त्रास होणे

उत्तरं लिहा
१. केशवाहिन्यांमधून पाणी झिरपणं का गरजेचं आहे?
२. चालल्याने सूज कशी कमी होते?
३. आजी म्हणाली, "डाव्या पायाला ठणका लागलाय, उजवा बरा आहे." तुम्ही काय कराल?

बोला
जोडी करा. एकाने आजी व्हा, दुसऱ्याने नातवंड. पाय कधी सुजले, कुठे दुखतं, ते मराठीत विचारा.