सामू सारखा, तरी चुना कमी-जास्त का?



भात कापून झाला की खाचरात हरभरा, मसूर नाहीतर टोमॅटो. त्याआधी चुना टाकायचा विचार असेल तर दोन मिनिटं काढून हे वाचा.

घोटी-इगतपुरीकडच्या जोराच्या पावसात मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. वरून दरवर्षी युरिया. म्हणून जमीन आंबट होते, सामू (पीएच) घसरतो. सामू 6.5 वरून 5.5 वर आला तर आंबटपणा एकने नाही, *दहापट* वाढतो. त्यात स्फुरद अडकतं आणि हरभऱ्याच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत.

*मग शेजाऱ्याइतकाच चुना टाकू का? नको.*

मातीतला आंबटपणा विहिरीसारखा असतो. सामू म्हणजे फक्त वर दिसणारं पाणी. खरा साठा चिकणमातीच्या आणि कुजलेल्या शेणखताच्या कणांना धरून असतो. चुन्याने वरचा आंबटपणा मारला की झऱ्यासारखा आतून परत येतो. या रोखून धरण्याला ‘बफर’ म्हणतात.

मुरमाड, हलक्या रानात साठा थोडा, म्हणून थोडा चुना पुरतो. भारी चिकण खाचरात सामू तेवढाच असला तरी चुना दुप्पट-तिप्पट लागू शकतो. हलक्या रानात जास्त पडला तर जस्त, लोह पिकाला मिळत नाही. पुढे भातावर खैरा दिसतो.

✅ *काय करायचं?*
1) प्रत्येक खाचराचा नमुना वेगळा. खत टाकण्याआधी 8-10 ठिकाणची, 15-20 सेंमी खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो घ्या. बांध, उकिरडा, झाडाखालची नको.
2) सामू 6 च्या खाली आला तर प्रयोगशाळेत *‘चुन्याची गरज’* विचारा. बफर द्रावणात माती मिसळून आतला साठा मोजतात.
3) बारीक चुनखडी पावडर पेरणीआधी 3-4 आठवडे ओलीवर मातीत मिसळा.
4) युरिया किंवा ताज्या शेणखतासोबत चुना नको. नत्र वायू होऊन उडतं.

☔ खाचरात पाणी साचलं की आंबट जमिनीचा सामू आपोआप 6.5-7 कडे चढतो, पाणी आटलं की परत उतरतो. म्हणून भात बरा येतो आणि रब्बी फसते. नमुना पाणी आटल्यावरच घ्या.

शेणखत सोडू नका. बफर वाढला की युरियाने जमीन लवकर आंबट होत नाही.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, घोटी
(शेजाऱ्यालाही पाठवा 🙏)