रघोजी भोसल्यांची फिरंग

ता. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथील लिलावात महाराष्ट्र सरकारने एक तलवार सुमारे ४७ लक्ष रुपयांस घेतली व त्याच वर्षीच्या ऑगस्टात ती मुंबईस आली. नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक पहिले रघोजी (१६९५–१७५५) ह्यांची ही तलवार. आमच्या विद्यार्थ्यांस तिचा अभिमान वाटावा हे साहजिकच; परंतु ती घडली कोठे, असे कोणी विचारल्यास पाते व मूठ ही निरनिराळी पाहिली पाहिजेत.

पाते सरळ, एकधारी व युरोपात घडलेले आहे. मुठीलगतच्या भागास खजाना म्हणतात. तेथे पाते करणाऱ्या युरोपीय कारखान्याचे नाव आहे. अशी पाती जहाजांतून आपल्या किनाऱ्यास येत, आणि फिरंग्यांचे पाते म्हणून त्या तलवारीस 'फिरंग' हे नाव पडले. आपले कारागीर पात्याची शेपटी मुठीत लाखेने बसवीत. लाख तापविली की मूठ सुटे. म्हणून परदेशी पात्यास देशी मूठ चढविणे कठीण नव्हते.

ह्या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची असून तिजवर सोन्याची कोफ्तगरी आहे. हिला कोणी मुलामा समजू नये. लोखंडाचे अंग प्रथम बारीक आडव्याउभ्या रेघांनी खरबरीत करतात; मग केसासारखी सोन्याची तार नक्षीच्या वळणाने त्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकतात. खाचा तारेस घट्ट धरतात. शेवटी घोटून चकाकी आणतात. पात्याच्या पाठीवर सुवर्णाक्षरांत रघोजींचे नाव व 'सेनासाहेब सुभा' ही पदवी आहे. धन्याचे नाव आहे, पाते करणाऱ्याचे आहे. ज्याने इतके डोळे शिणविले त्या नक्षीकाराचे मात्र ह्या दोहोंत नाही!

अरबांच्या जंबियाची परीक्षाही अशीच करावी लागते. नागपुरास अरब परके नव्हते. ते भोसल्यांच्या पदरी शिपाई होते. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीस लढले, आणि आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही डिसेंबरअखेरपर्यंत त्यांनी शहर सोडले नाही. जंबियाचे पाते वाकडे व दुधारी असते. पण त्याचा प्रांत ओळखावयाचा तो मूठ, म्यान व पट्टा ह्यांवरून. येमेनात मुठीच्या शिंगावरून किंमत ठरते. ओमानात म्यानावर चांदीच्या तारेचे नाजूक काम असते, आणि तेथील राजघराण्याच्या सईदी घाटास पट्टा अडकविण्याच्या सात कड्या असतात. ह्या ओमानी खंजिराच्या कारागिरीस २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.