पट्टी न वाचता खिशात घालणाऱ्यांसाठी

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हाती पडली की शेतकरी आधी क्रेट, मग भाव पाहतो. काही जण मात्र ती तशीच घडी घालून खिशात ठेवतात आणि घरी शाळकरी मुलीकडून वाचून घेतात. त्यांतल्या कित्येकांची शाळाच लवकर सुटलेली असते. पण दहावीपर्यंत वर्गात बसूनही ज्याला ६२ आणि २६ मध्ये आजही गोंधळायला होतं, त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. अशा माणसाची बुद्धी कमी नसते. अडचण वाचन, लेखन किंवा गणितापुरती असते आणि ती वयाबरोबर जात नाही.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, हीसुद्धा पुष्कळांना मोठेपणी सोडत नाही. वर्गात एका जागी न टिकणारं पोर तिशीत शांत बसलेलं दिसतं, मनातली चुळबुळ मात्र चालूच असते. मोटर चालू करून विसरणं, सोसायटीच्या कर्जाची तारीख चुकणं, खुरपणी अर्धी टाकून दुसरंच काम धरणं, क्षणात भडकणं. 'याचं लक्षच नसतं कशात', हे वर्षानुवर्षं ऐकून माणूस स्वतःलाच नालायक समजू लागतो. एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये नैराश्य, चिंता आणि व्यसनं इतरांपेक्षा जास्त आढळतात. घरचे दारू सोडवायला धावतात. शाळेपासूनच्या त्रासाची चौकशी कुणीच करत नाही.

म्हणून डॉक्टरांना झोप आणि उदासी एवढंच सांगून थांबू नये. शाळेत काय होत होतं, तेही सांगावं. आईला किंवा थोरल्या भावाला सोबत न्यावं, कारण एडीएचडीची लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसत होती का, हे निदान करताना पाहिलं जातं. थायरॉईड आणि अपुरी झोप यांनीही लक्ष उडतं. तेही तपासून घ्यावं.

एडीएचडीवर औषधं आहेत, पण ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. अध्ययन अक्षमतेवर गोळी नाही. तिथे सोयी उपयोगी पडतात: मोबाईलकडून मजकूर वाचून घेणं, फवारणीच्या मापावर रंगाची खूण करणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे.

जुन्नर किंवा घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे आधी दाखवावं आणि गरज पडल्यास पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी मागावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा, आणि फवारणीची औषधं घरच्यांनी कुलपात ठेवावीत.