सीमाभागावर पहिली कादंबरी लिहिताना

बेळगावात वाढलेल्या माणसाला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पण त्यावर पहिली कादंबरी लिहायला घेतली, एका गल्लीतलं एक मराठी आणि एक कन्नड कुटुंब उभं करू लागले, तेव्हा बरंच नव्याने शिकावं लागलं. लिहू पाहणाऱ्यांसाठी त्यातलं थोडं इथे मांडते.

१. तारीख उंबऱ्याच्या आत आणा.
१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. आजही त्या तारखेला शहरात एकीकडे लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सव होतो, दुसरीकडे मराठी माणसं काळा दिन पाळतात. त्या दिवशी दोन शेजारघरांतली मुलं एकत्र खेळतात का आणि खेळत नसतील तर त्यांना कोण अडवतं, इथून कादंबरी सुरू होते.

२. बायकांना विचारा.
१९८६च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाचा विषय काढला की पुरुष मंडळी मोर्चे, अटका, गोळीबार सांगतात. ते टिपून घ्यावंच. मग स्वयंपाकघरात बसून विचारावं: त्या दिवसांत दूध कुठून आणलंत? नवरा तुरुंगात असताना घर कुणी चालवलं? पोरांना शाळेत कधी धाडलंत? मला माझी पात्रं या उत्तरांत सापडली.

३. कागदपत्रं वाचा.
संघर्ष रोज रस्त्यावर दिसत नाही, पण घरात येणाऱ्या कागदावर दिसतो. जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते आणि मराठी शाळेत शिकलेल्या आजीला ती वाचता येत नाही. ती वाचून घ्यायला आजी ज्या घरी जाते, ते कन्नड शेजाऱ्याचंच असतं. तिचा अपमान आणि त्या घराचा आधार, दोन्ही एकाच प्रसंगात मावतात.

४. समोरच्या घरालाही भूतकाळ द्या.
सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालाने बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, निपाणी महाराष्ट्राला आणि अक्कलकोट कर्नाटकाला द्यावं असं सुचवलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. माझ्या कादंबरीतली कन्नड सून मी अक्कलकोटची केली. सीमेपलीकडे राहिलेल्या माणसांचं दुःख तिला माहेरापासून ठाऊक आहे. ती आल्यावर वादाची दुसरी बाजू मला निव्वळ विरोधक म्हणून रंगवता येईना.

५. हस्तलिखित दोन्हीकडे वाचायला द्या.
मराठी जाणणाऱ्या कन्नड वाचकाने केलेल्या खुणा सगळ्यात आधी पाहा. ‘आमच्या घरात असं बोलत नाहीत’ हा शेरा शंभर कौतुकांपेक्षा उपयोगी पडतो.

६. निकाल लावायची घाई नको.
महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो सुटण्याची वाट पाहत पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. कादंबरीने खोटा समेट घडवू नये. लेकीचं लग्न, वाटणी, मुलाची नोकरी यांचा शेवट करावा, सीमेचा प्रश्न उघडा ठेवावा.

माझं मत ठाम आहे: सीमाभागातल्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे. हे मत बाळगूनही शेजारच्या घराविषयी माया राखून लिहिता येतं. निपाणी, खानापूर, कारवार, बिदर, भालकी इथल्या तरुणांना माझी विनंती आहे की, आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून घ्या आणि लिहायला बसा.