एजंटसाठी माहितीपुस्तिका

प्रश्न: मिनीसाइन या डिजिटल सहीच्या साधनावर बेतलेले आमचे सही-पडताळणीचे टूल आता एआय एजंटही चालवणार आहेत. जुनी माहितीपुस्तिका पुरेल का?

उत्तर: नाही. गाळलेल्या जागा एजंट अंदाजाने भरतो आणि चुकला तरी थांबत नाही. म्हणून प्रत्येक कमांड पूर्ण लिहा, एक्झिट कोडही सांगा: ० आला तरच पुढे जायचे.

सर्वांत जपायची गोष्ट वेगळीच आहे. मिनीसाइनच्या सहीच्या फाइलमध्ये दोन शेरे असतात. पहिला सहीच्या कक्षेत येत नाही; वाटेत कोणीही तो बदलू शकतो. एजंटने तोच आदेश मानला तर घात होईल! दुसरा सहीने बांधलेला असतो; पडताळणीनंतर फक्त तोच वाचू द्या. सार्वजनिक किल्ली मात्र संदेशासोबत आलेली कधीच स्वीकारू नका, ती आधीच नेमून द्या.