घर: वारसा की खरेदी?

मराठवाड्यातील माळवदाचे घर ही बाजारातील वस्तू नव्हती. ते बांधले जाई व वारसाने पुढे जाई. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केली. पुढे पोलाद उद्योग वाढला. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या. पगारदार वर्ग वाढला आणि त्याबरोबर तयार घरांची मागणीही.

'किती पिढ्या राहतील?' या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाऐवजी तरुण जोडपे विचारते, 'हप्ता किती बसेल?' हप्ता दोघांनी फेडायचा, म्हणून खरेदीखतावर नावेही दोघांची, हा बदल स्वागतार्हच होय. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे.

जाहिरातदाराने हे मन ओळखले. तो भिंतींपेक्षा स्वातंत्र्याचे चित्र विकतो. परंतु २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्र, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापराची जागा, सांगणे बंधनकारक केले आहे. नोंदणीपात्र प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांकही हवा. सुज्ञ ग्राहकाने दोन्ही पाहावे. शिवाय गावाकडून आई-वडील आले, तर त्यांची खाट कोठे पडेल, हेही मोजावे. जाहिरात ते सांगत नाही.